सत्तावीस दिवसांचा अबोला

सत्तावीस दिवस मी माझ्या पोटच्या पोरीशी बोलली नाही. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. सहा वर्षांच्या लेकराशी काय भांडणार? मास्तरणीनं सांगितलं, नवऱ्यानं ऐकलं, आणि जिच्या तोंडाला सगळं गाव टरकून होतं ती मी मुकाट बसली. आज लिहायला घेतलं ते त्या दिवसांचं रडगाणं गायला नाही. ते दिवस जिनं मोडले त्या बाईचं नाव कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून घेतलं. तिचं नाव गोमती. आमच्या शेजारची.

माझं लग्न झालं तेव्हा नागपूर अन् जबलपूर एकाच राज्यात होते. यांना जबलपूरजवळ खमरियाच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा सासरे म्हणाले, आपल्याच मुलखात तर आहे, जाऊ द्या. वर्षभरात राज्यांची वाटणी झाली. आमचं गाव एका बाजूला गेलं, यांची नोकरी दुसऱ्या बाजूला राहिली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मी दहा वर्षं गावीच. हे सुट्टीला यायचे, पाहुण्यासारखे. सासूबाई गेल्या, यांना क्वार्टर मिळालं, आणि सहासष्टच्या जून महिन्यात एक पेटी, एक पाटा-वरवंटा आणि पुष्पा, एवढं घेऊन मी जबलपूरला उतरली.

हिंदी मला शून्य. पुष्पाला माझ्याहून कमी. पण पोरगी बोलकी इतकी की गावात तिला सगळे रेडिओच म्हणत. विहिरीवर जाऊन आली तरी तासभर सांगायची, कोणाची बादली पडली, कोणाचं कुत्रं कोणावर भुंकलं.

"वहिनी, तुम्ही पुष्पाची फिकीर करूच नका," रामकृष्ण म्हणाला. हा यांच्याच सेक्शनमधला, वर्ध्याकडचा. "लहान पोट्टे म्हणजे टीपकागद. पंधरा दिवस गल्लीत खेळू द्या, फाडफाड हिंदी बोलते का नाही पाहा."

रामकृष्णाचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं, पण पोरांबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. एकटा तोच नाही. दूधवाला तेच म्हणे, पोस्टमन तेच म्हणे. पंधरा दिवस, फार तर महिना. मलाही ते खरं वाटलं. वाटलं म्हणजे सोयीचं होतं.

जुलैत पुष्पाला क्वार्टरांजवळच्या शाळेत पहिलीत घातलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. घरी आली की दप्तर फेकून बडबड सुरू: आई, आज अशी गंमत झाली, आई, त्या मुलीच्या वेणीत मुंगळा होता. मला वाटे सगळं ठीक चाललं आहे. मग एक दिवस शाळेतून चिठ्ठी आली. आई-वडिलांनी येऊन भेटावं.

हेमलता बहनजी म्हणून होत्या पहिलीला. पांढरी सुती साडी, ताठ मान. आडनाव ऐकलं तर आपल्यातलं. जबलपुरात काही मराठी घरं फार जुनी, पेशव्या-भोसल्यांच्या चाकरीत आलेली. ही त्यातली. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं चला, आपलं माणूस आहे. मी मराठीत म्हणाली, "नमस्कार बाई, पुष्पाची आई मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि यांच्याकडे वळून हिंदीत बोलायला सुरुवात केली. जसं काही मी भिंतच.

बोलणं झाल्यावर यांनी मला सांगितलं. पोरगी दोन महिन्यांत एक शब्द बोललेली नाही. नाव विचारलं तरी नाही. हजेरीला हात वर करते, तोंड उघडत नाही. बाकीची मुलं तिला 'गूंगी' म्हणतात.

"गूंगी?" मी म्हटलं. "ही? हिच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही म्हणून सासूबाई रडायच्या!"

बहनजी यांच्याशीच बोलत राहिल्या. घरात दोन भाषा असल्या की मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो. एक पूर्ण काढून टाकली तर दुसरीला जागा होते. घरात मराठी ताबडतोब बंद करा. या वयात मुलं चटकन शिकतात. ही शिकली नाही याचा अर्थ कुठंतरी अडलं आहे. दसऱ्याच्या सुट्टीआधी तोंडी परीक्षा आहे, तोवर बोलली नाही तर नाव कमी करावं लागेल.

येताना हे सायकल हातात धरून पायी चालले. घराशी आल्यावर म्हणाले, "आजपासून घरात मराठी बंद. आणि एवढं करूनही नाहीच जमलं, तर दसऱ्यानंतर तिला रामराव दादाकडे ठेवू. तिथं मराठी शाळा आहे. शिकेल तरी."

रामराव म्हणजे माझे जेठ, यांचे थोरले भाऊ. गावी. म्हणजे पोरगी तिथं, मी इथं.

"अन् मी?" मी विचारलं.

"तू इथं राहशील. मी किती वर्षं खानावळीत जेवू?"

मी त्यांच्याशी भांडू शकली असती. भांडायचं मला भय नाही. पण मनात एकच गोष्ट घुसली: माझ्या बोलण्यामुळे पोरगी मुकी झाली. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, त्या एवढ्या शिकलेल्या. त्या कायले खोटं बोलतील?

मग मी बोलणं बंद केलं.

तुम्ही म्हणाल हिंदीत बोलायचं होतं. काय बोलणार होती? मला येत होतं 'आओ', 'खाओ', 'सोओ', 'नहीं'. चार शब्दांत कुत्रं पाळता येतं, पोरगी वाढवता येत नाही. पुष्पा शाळेतून यायची, "आई, आज ना..." म्हणून सुरू करायची. मी ओठांवर बोट ठेवायची. "आओ. खाओ." ती खायची. वेणी घालताना मी सांगायची ते गावाकडचं सगळं, आजीचं, गाईचं, ते बंद. ताप आला तेव्हा नुसतं कपाळावरून हात फिरवत बसली. तोंडातून 'माय माझी' निघालं ते गिळलं.

हे संध्याकाळी येऊन तिला हिंदीत विचारायचे, "स्कूल में क्या पढ़ा?" ती खाली पाहायची. दहा दिवसांत पोरगी घरातही मुकी झाली. यांना वाटलं ही जागा रिकामी होऊन राहिली, आता हिंदी भरेल. भरलं काहीच नाही.

गोमतीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. नवरा कारखान्यात, चार लेकरं, स्वतः सिहोऱ्याजवळच्या खेड्यातली. जाडजूड, कपाळावर गोंदण, आवाज असा की ती घरात भाजी चिरता चिरता बोलली तरी मला दोन्ही बाजूंनी ऐकू यायचं. पहिले तीन महिने मला ती आवडत नव्हती. नळावर तिची बादली नेहमी पहिली.

एक दिवस नळावरच तिनं मला गाठलं. पुष्पा बाजूला छोटी कळशी घेऊन उभी. गोमती तिच्याकडे बोट करून म्हणाली, "काए बाई, मौड़ी से रूठी हो का? बोलतीं काए नईं?"

मला अर्धं कळलं: पोरीवर रुसली का, बोलत का नाही. मी मराठीतच सांगितलं, अर्धं हातानं. शाळा, बहनजी, मराठी बंद. तिलाही अर्धंच कळलं असेल. पण दोन अर्धी मिळून आमचं भागलं.

ती कंबरेवर हात ठेवून हसायला लागली. मला राग आला. म्हटलं, "हसून काहून राहिली? तुझं काय जातं? तुझ्या पोरांची तर भाषाच हिंदी."

"हमाए मौड़ा हिंदी बोलत हैं?" ती म्हणाली. "हम कौन-सी हिंदी बोलत हैं, जा तो बताओ!"

मग तिनं सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं, म्हणून आजही आठवतं. त्यांची घरची बोली वेगळी, शाळेची हिंदी वेगळी. तिचा थोरला पहिलीत गेला तेव्हा घरच्यासारखं बोलला, तर मास्तरनं सगळ्यांपुढं त्याची नक्कल केली. पोरगा त्या दिवशी जो गप्प झाला तो होळीपर्यंत. तोवर नुसता ऐकत बसे. मग एक दिवस बोलायला लागला तो थांबेच ना. "कान पैले भरत हैं," ती आपल्या कानाला हात लावून म्हणाली, "मों बाद में खुलत है।" आधी कान भरतात, तोंड मागून उघडतं.

"तू घरी बोलणं बंद केलं होतं?" मी विचारलं.

"काए खों? हम तौ ओकी मताई आँय!"

मी त्याची आई आहे, म्हणाली. एवढंच. मला शरम वाटली, पण मान्य करील ती मी कसली. म्हटलं, "तुझा पोरगा शहाणा असेल. माझीला तर हिंदीतला ढ समजत नाही."

तेवढ्यात भाजीची हातगाडी आली. मी दोडके चाचपून पाहत होती. भाजीवाला गाडीमागच्या पोराला भराभरा काहीतरी बोलला. त्याचं बोलणं मला कधीच कळायचं नाही, पण मी तीन महिने त्याच्याकडून भाजी घेत होती आणि कधी फसली नव्हती. का फसली नव्हती याचा विचार मी कधी केला नव्हता. पुष्पानं माझा पदर ओढला. मी वाकली. ती इकडेतिकडे पाहून, चोरासारखी, माझ्या कानात कुजबुजली, "आई, तो म्हणून राहिला का हे दोडके कालचे आहेत. आजचे खाली पोत्यात आहेत. सांग त्याला खालचे दे म्हणून."

मी तिच्याकडे पाहतच राहिली. तीन महिने असंच चाललं होतं. तो बोलायचा, ही माझ्या कानात सांगायची, मी बोटानं दाखवायची. मी त्याला पोरीची बडबड समजत होती. दोन्हीकडचं कळल्याशिवाय हे होतं का?

गोमतीनं सगळं पाहिलं. भाजीवाल्याकडे बघून, माझ्याकडे बघून, मोठ्यानं म्हणाली, "जा गूंगी आय? जा तौ तुमाई वकील आय, वकील!"

पुष्पा हसली. कितीतरी दिवसांनी.

घरी येऊन मी ठरवलं. पण यांना सरळ सांगण्यात अर्थ नव्हता. शिकलेल्या माणसाचं ऐकून घेतलेली गोष्ट बायकोच्या सांगण्यावरून सोडणारा हा माणूस नव्हे. मी भाद्रपदाची पौर्णिमा येऊ दिली. त्या दिवशी आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडायचे, महिनाभर रोज संध्याकाळी पोरींनी गाणी म्हणायची, आणि मग खिरापत ओळखायची. डबा बंद असतो. घरची पोरगी तो वाजवते, बाकीच्या पोरी आत काय आहे ते सांगतात, ती नाही-नाही म्हणते. कोणालाच आलं नाही तर घरची जिंकली. गावात आम्ही खिरापत करायचोच अशी की ओळखू नये.

हे कामावरून आले तर मी कोनाड्यात भुलाबाई मांडून बसलेली आणि पुष्पाला मराठीत गाणं शिकवत होती, अगदी खड्या आवाजात.

"हे काय?" हे म्हणाले. "ठरलं होतं ना?"

"भुलाबाईला हिंदी येत नाही," मी म्हटलं. "तुमच्या बहनजीला सांगा, देवीला आधी शाळेत घाला, मग मी बंद करीन."

ते चप्पल काढून आत गेले. देवाच्या आड त्यांना येता येईना. मी पुष्पाला जवळ ओढलं. तिनं माझ्या गालावर हात ठेवून हळूच विचारलं, "आई, तुझा राग गेला?"

सत्तावीस दिवस पोरगी समजत होती की मी तिच्यावर रागावली आहे. काय चुकलं ते तिला आठवत नव्हतं, तरी ती माफी मागितल्यासारखी वागत होती. ताट स्वतः उचलत होती, केस विंचरताना दुखलं तरी रडत नव्हती. हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी गाणी झाल्यावर मी तिला मांडीवर घेऊन बसली आणि ती जे बोलत सुटली ते वरण उतू जाऊन चूल विझेपर्यंत. हे आतून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी यांनी रामराव भाऊजींना पत्र टाकलं, दसऱ्यानंतर पुष्पाला आणतो म्हणून. मला वाचून दाखवलं. त्यांच्या हिशोबी मी पोरीचं वाटोळं केलं होतं, आता गावच उरलं होतं.

मराठी पोरी त्या गल्लीत दोनच. मग गोमतीनं आपल्या दोन मुली पाठवल्या, त्यांच्यामागून बाकीच्या आल्या. पंजाबी होत्या, एक बंगाली होती. गाण्यातलं कोणाला कळत नव्हतं, टाळ्या सगळ्या बरोबर वाजवत. खरा जीव खिरापतीत. रोज डबा वाजला की ओरडा: लड्डू! बताशा! मठरी! पुष्पा नुसती मान हलवी. नाही. नाही. पुन्हा नाही. तोंड बंदच.

सहाव्या-सातव्या दिवशी मी सांबारवडी केली. बेसनाचं आवरण, आत कोथिंबिरीचं सारण. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मुद्दामच केली, म्हटलं ही कोणाला ओळखू येते पाहू. पुष्पानं दुपारभर बसून जुड्या निवडल्या.

संध्याकाळी पोरी जमल्या. आणि दारात पाहते तर गोमती, आणि तिच्यामागे हेमलता बहनजी. गोमतीनं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आपण होऊन शाळेत गेली होती. लिहिता-वाचता न येणारी बाई, मास्तरणीपुढं उभी राहून म्हणाली होती म्हणे, तुमच्याच लोकांची देवी बसली आहे, हळदीकुंकवाला चला, नाही म्हणू नये. देवीचं नाव घेतल्यावर नाही कशी म्हणणार? ही युक्ती माझीच, पण तिनं आणखी लांब नेली.

पोरींच्या गर्दीत पुष्पाचं लक्ष नव्हतं तोवर मी बहनजींना पाट दिला, तोही आतल्या खोलीत, दाराआड. पुष्पाला त्या दिसल्या असत्या तर तिथंच थिजली असती.

गाणी झाली. पुष्पानं डबा हलवला. धप धप असा आवाज आला, खुळखुळ नाही.

"पेड़ा!" "गुलगुला!" "हलवा!"

मान. नाही. नाही. नाही.

तेव्हा गोमतीची धाकटी, कुसुम तिचं नाव, भलती चलाख, उभी राहून म्हणाली, "गुझिया है! मैंने देख ली! ढक्कन खुला था, मैंने देख ली! मैं जीत गई!"

धादांत खोटं. डबा पुष्पानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. माझी पोरगी लाल झाली. आणि मग—

"झूठ! झूठी कहीं की! कब देखा तूने? ढक्कन तो मैंने पकड़ के रखा था! गुझिया मीठी रहती है, ये मीठा हइच नहीं, ये तो तिखट है! बाहर बेसन है, अंदर सांबार भरा है, सांबार मैंने निवडा, दुपार से बैठ के, मेरी आई ने तळा, तू कहाँ थी? सांबारवडी है ये, गुझिया नहीं!"

सगळं एका दमात. आणि शेवटच्या शब्दाला तिचा हात तोंडावर गेला. खिरापत फुटली होती! जिनं लपवायची तिनंच सांगून टाकली. पोरी हसून हसून लोळल्या. कुसुम तर नाचायलाच लागली. पुष्पा आधी रडवेली झाली, मग तीही हसली, आणि मग भांडण जे जुंपलं, ही खिरापत धरायची की नाही, ते सगळं हिंदीत, सगळ्या एकदम.

मी दाराआडच्या पाटाकडे वळली. बहनजी ताठ बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "पर... मिला रही है। देखिए, आधा मराठी, आधा हिंदी। खिचड़ी। यही तो गड़बड़ है।"

हे मला कळलं. आणि मग माझं तोंड सुटलं, सत्तावीस दिवसांचं साठलेलं. "अन् तुम्ही नाही मिसळत, बाई? त्या दिवशी यांना म्हणालात, 'क्लास में अटेंशन नहीं देती.' मी विचारलं यांना, ते दोन शब्द कोणते. हे म्हणाले इंग्रजी. तुमच्या डोक्यात गोंधळ झाला का? तुमचं नाव काढलं कोणी शाळेतून? पोरीला जो शब्द सापडला नाही तो तिनं घरून आणला. घरात होता म्हणून आणला. नसता तर गप्प बसली असती, तुमच्या वर्गात बसते तशी!"

गोमतीला मराठी येत नव्हती, तरी तिनं जोरात "हओ!" म्हटलं.

मला वाटलं आता बाई उठून जाणार. गेल्या नाहीत. मग मराठीत बोलल्या. पहिल्यांदा. आणि काय मराठी ती! तुटकी, शब्द शोधत शोधत, लहान मुलासारखी.

"मला... चांगली येत नाही. समजते सगळं. बोलायला लाज वाटते. म्हणून तुमच्याशी नाही बोलली."

मी गारच झाली. मी त्यांना गर्विष्ठ समजत होती.

"आमच्या वडिलांनी घरात बंद केली होती," त्या म्हणाल्या. "आम्ही भावंडं नोकरीत मागे राहू म्हणून. मी पहिली यायची वर्गात. मला वाटलं, त्यामुळेच."

"अन् आई?" मी विचारलं. "आईला हिंदी येत होती?"

"नाही फार."

"मग तुम्ही तिच्याशी बोलता कशात?"

त्यांनी कुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं. "आईशी... जास्त बोलणं होत नाही."

माझ्या जिभेवर काही आलं होतं ते मी खाली ढकललं. आयुष्यात असं मी दोन-तीनदाच केलं असेल. त्यांना कुंकू लावलं, ओटीत सांबारवडी घातली. म्हटलं, "आईसाठी न्या दोन. मराठीतच द्या. चुकलं तर चुकलं, आई काही परीक्षा घेत नाही."

हे तेवढ्यात कामावरून आले. घरात मास्तरीण पाहून सायकल भिंतीला लावायची ती माझ्या तुळशीवर टेकवली. बहनजी उठून उभ्या राहिल्या. गोमतीनं त्यांना गावचंही सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, "लड़की को गाँव मत भेजिए। मुझसे समझने में भूल हुई। परीक्षा का मैं देख लूँगी। इसे सुनने दीजिए, जितने दिन लगें। और घर में जो बोलते हैं, वही बोलिए।"

एवढ्या शिकलेल्या बाईनं 'भूल हुई' म्हणायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. मी आजवर किती वेळा म्हटलं ते विचारू नका. म्हणून त्यांचेही आभार मी इथंच मानते, हातचं राखून न ठेवता.

यांनी दुसऱ्याच दिवशी रामराव भाऊजींना दुसरं पत्र टाकलं. पुष्पा इथंच राहील, एवढंच.

पोरगी काही दुसऱ्या दिवसापासून वर्गात पोपटासारखी बोलली नाही, हेही सांगितलं पाहिजे. दिवाळीनंतर एकेक शब्द आला. संक्रांतीला नाव सांगायला लागली. हिंदीत बाई-पुरुष तर ती तिसरीपर्यंत उलटसुलट करायची, 'मेरा किताब' म्हणायची. ज्यांनी पंधरा दिवस सांगितले होते त्यांना मी नंतर रस्त्यात गाठून गाठून सांगितलं. रामकृष्ण तर मला पाहून पलीकडच्या फुटपाथनं जायचा.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळनंतरची सकाळ मला सांगायची आहे. मी उरलेली सांबारवडी वाटीत घेतली, पुष्पाला हाताला धरलं आणि गोमतीच्या दारात गेली. रात्रभर मनात जुळवून ठेवलं होतं. गोमती चुलीपुढं बसली होती, पिठाचे हात.

"पुष्पा," मी म्हटलं, "मी सांगते ते काकूला सांग. म्हणावं, मी गावाकडची बाई, मला वाटायचं माझ्याहून शहाणं कोणी नाही. म्हणावं, तुम्ही नळावर बादली पुढं लावता म्हणून मी मनात फार वाईट बोलली, ते मागं घेते. म्हणावं, माझी पोरगी माझ्यापासून तुटून चालली होती आणि मला दिसत नव्हतं. ते तुम्ही दाखवलं. म्हणावं, माझ्या सख्ख्या बहिणीनं शाळेत पाऊल टाकलं नसतं माझ्यासाठी. म्हणावं, मी जिवंत आहे तोवर तुमचं नाव विसरणार नाही." मी वाटी चुलीशी ठेवली. "सांग."

पुष्पा गोमतीपुढं गेली. हात मागे बांधले. थोडा विचार केला. आणि स्वच्छ, मोठ्यानं, कुजबुज नाही, म्हणाली, "काकी, आई बोल रही है, तुम बहुत अच्छी हो।"

"एवढंच?" मी म्हटलं. "अगं, मी इतकं बोलली!"

"तेवढंच होतं त्यात, आई," पुष्पा म्हणाली.

गोमतीनं पिठाच्या हातानंच तिला जवळ ओढलं, आणि माझ्याकडे पाहून अशी हसली की तिला बादलीचंही कळलं असावं.